तिरक्या डोळ्याचं यंत्र

"दोनशे बारा फ्लॉप्या एकाच दिवशी कशा मेल्या? साथ आली होती का?" कानसेनने विचारलं.

ढिम्मी खिडकीच्या कट्ट्यावर बसून पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बघत होती. खोक्यात तिच्या आईची सोळा वर्षं भरून ठेवलेली होती. तळहाताएवढ्या, काळ्या, चौकोनी फ्लॉप्या आणि प्रत्येकीवर आईच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. पूर्वी लोक कॉम्प्युटरवरचं काम असल्या फ्लॉप्यांवर जपून ठेवायचे. आता खोक्यावर मॅनेजरकाकांनी जाड पेनाने लिहिलं होतं, 'खराब. शनिवारी पुसणे.'

ते वाचून ढिम्मीला काही वाटलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई देतात आणि मग गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं तिचं आठ महिन्यांपूर्वी आई गेल्यापासून सगळ्या अंगाचं झालं होतं. बाबा दिवसभर कामावर, म्हणून सुट्टीत ती मावशीकडे आली होती. आल्या आल्या मावसभावाने तिचं नाव ढिम्मी ठेवलं, त्याचंही तिला काही वाटलं नाही. मग तिने त्याचं नाव शेपूट ठेवलं, कारण आठ वर्षांचा तो प्राणी सतत कुणाच्या तरी मागे असायचा.

मावशी पुस्तकं बांधायची, तीही साध्या छापखान्यात नाही. इथे ब्रेलमधली पुस्तकं निघत, कागदावर उठवलेल्या ठिपक्यांची, बोटांनी वाचायची. ढिम्मीची आई साधी पुस्तकं समोर ठेवून ठिपक्यांत टाइप करायची. तेरा वर्षांच्या कानसेनला जन्मापासून दिसत नव्हतं. तो सुट्टीत इथे बसून छापलेली पानं तपासायचा. दोन खोल्यांपलीकडे सुई पडली तरी ती कितव्या नंबरची ते हा पोरगा सांगतो, असं मावशी म्हणायची. त्यात तिने थोडीच भर घातली होती.

"तुझं ठीक आहे, तुला कशाचंच काही नाही," कानसेन म्हणाला. "मला त्या माणसाची काळजी आहे. आठ महिने दोरीला लटकलाय बिचारा."

तो माणूस म्हणजे बुडालेल्या जहाजाच्या कादंबरीचा नायक. दुसरा भाग संपला तेव्हा तो एका विहिरीत दोरीला लोंबकळत होता आणि वर कुणीतरी सुरी परजत होतं. तिसरा भाग आईने टाइप केला होता, पण छापायचा राहिला होता. तो खोक्यातल्या शेवटच्या फ्लॉपीवर होता, दुसरीकडे कुठेही नाही.

"चल, विचारू," कानसेन उठला.

मॅनेजरकाकांच्या खोलीत इंजिनिअरकाका नव्या कॉम्प्युटरसमोर ऐटीत बसले होते. खिशात सात स्क्रूड्रायव्हर आणि बोलण्यात सातशे शब्द, त्यातले सहाशे नव्वद समोरच्याला न कळणारे. त्यांनी एक फ्लॉपी नव्या यंत्राच्या फटीत सारली. पडद्यावर पाटी आली, 'ही डिस्क ओळखता येत नाही. फॉरमॅट करायची का?'

"बघितलंत? यंत्रच म्हणतंय," ते म्हणाले. "जुन्या कॉम्प्युटरमध्येही हेच. दमट हवा खाल्लीय यांनी. शनिवारी सगळ्या कोऱ्या करतो, ज्या टिकतील त्या शाळांना वाटून टाकू."

"पण शेवटची फ्लॉपी काकूंनी, म्हणजे हिच्या आईने, पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, गच्च झाकणाच्या," कानसेन म्हणाला. "तिला दमट हवा कुठून मिळाली?"

"बाळा, हा इलेक्ट्रॉनिक्सचा विषय आहे."

"मी वीसपेक्षा जास्त मार्क पाडतो त्यात," कानसेन म्हणाला. "पंचवीसपैकी."

मॅनेजरकाकांनी त्यांना दाराबाहेर काढलं, तेही प्रेमाने, पाठीवर हात ठेवून. त्यामुळे भांडायची सोय राहिली नाही.

बाहेर कानसेन भिंतीला टेकला. "ढिम्मे, जुन्या कॉम्प्युटरचा आवाज बदललाय. पूर्वी फ्लॉपी घातली की म्हातारा खाकरल्यासारखा खर्र-खुक करायचा. आता शहाण्या मुलासारखा नुसता टिक-टिक करतो. त्याला कुणीतरी हात लावलाय."

ढिम्मीला उत्साह वाटला नाही. पण पाय हलले, आणि पाय हलले म्हणून ती गेली.

आईच्या टेबलावरचा जुना कॉम्प्युटर इतका म्हातारा होता की चालू केल्यावर तो जागा होईपर्यंत शेपूट खाली जाऊन, पाणी पिऊन, भांडण करून परत येई. ढिम्मीने त्यात एक कोरी फ्लॉपी घातली, दोन ओळी लिहून साठवल्या. मग जेवणाच्या सुट्टीत तीच फ्लॉपी नव्या कॉम्प्युटरमध्ये घातली. नव्याने ती मुकाट्याने वाचली.

"म्हणजे जुना आज लिहितो ते सगळ्यांना कळतं," ती परत येऊन म्हणाली. "त्याने पूर्वी लिहिलेलं आता त्याला स्वतःलाही कळत नाही."

"तिरकं लिहिलं असेल," शेपूट म्हणाला.

"काय?"

"माझी वही तिरकी राहते म्हणून मी तिरकं लिहितो. बाई पण वही तिरकी धरूनच वाचतात. सरळ धरली की त्यांना चक्कर येते."

दोघं एकदम त्याच्याकडे वळली. शेपूट घाबरला. त्याला वाटलं, आपण पुन्हा काहीतरी गाढवासारखं बोललो.

"यंत्राच्या आत एक डोळा असतो, वाचणारा आणि लिहिणारा," कानसेन सावकाश म्हणाला. "तो सोळा वर्षं जागेवरून थोडा सरकलेला होता. काकूंनी सगळं त्याच तिरक्या डोळ्याने लिहिलं. आणि या इंजिनिअरकाकांनी..."

"डोळा सरळ केला," ढिम्मी म्हणाली.

मावशीला विचारल्यावर खात्रीच पटली. गेल्या महिन्यात काका आले होते, खर्र-खुक ऐकून म्हणाले होते, 'आधी याला नीट करतो, मग फ्लॉप्या बघू,' आणि तासभर यंत्र उघडून बसले होते. मावशीने हे मॅनेजरकाकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, दुरुस्त केल्यामुळे कधी काही बिघडतं का?

उद्या शनिवार होता.

"खोकं पळवू या," शेपूट म्हणाला.

"पळवलं की शोधतील. ते त्यांच्यासमोरच राहू दे," ढिम्मी म्हणाली. तिने एक फ्लॉपी उलटी केली. कोपऱ्यात एक इवलीशी खिट्टी होती. ती सरकवली की फ्लॉपी फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही आणि ती पुसताही येत नाही. आईने तिला लहानपणी हे दाखवलं होतं. ते आठवलं, पण दुखलं नाही. नुसतंच आठवलं.

तिघांनी दोनशे बारा खिट्ट्या सरकवल्या. शेपटाचं नख तुटलं, तर त्याने लढाईतून आल्यासारखं बोट बांधून घेतलं.

शनिवारी सकाळी इंजिनिअरकाका पुसायला बसले. फॉरमॅट करायची का? हो. 'करता येत नाही.' दुसरी. हो. 'करता येत नाही.' चाळीस फ्लॉप्यांनंतर त्यांच्या कपाळावर घाम आला. खिट्टीकडे बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण चूक त्यांच्याकडून होत नसते, ती वस्तूंकडून होते.

"पुसल्याही जात नाहीत," ते शेवटी म्हणाले. "पार कामातून गेल्यात. दुपारी भंगारवाला बोलवा." आणि ते जेवायला गेले.

आता हातात एक तास होता.

"आधी प्लग काढ," कानसेन म्हणाला. ढिम्मीने प्लग काढला आणि झाकण उघडलं. आत दोन स्क्रू होते. दोन्हींवर कारखान्यातून आलेला लाल रंगाचा थेंब होता, तडकलेला, म्हणजे काकांनी ते फिरवले होते. पण पत्र्यावर एक बारीक ओरखडा होता. डोळा हलवणारी मोटार इतकी वर्षं जिथे बसली होती, तिथली कड त्या ओरखड्याने राखून ठेवली होती.

तिने स्क्रू सैल केले, मोटार ओरखड्यापर्यंत फिरवली, स्क्रू आवळले, प्लग लावला. शेवटची फ्लॉपी आत गेली.

टिक. टिक. 'डिस्क ओळखता येत नाही.'

"जास्त झालं," कानसेन म्हणाला. "केसभर मागे घे."

पुन्हा प्लग काढला, पुन्हा लावला. सहा वेळा झालं. जिन्याखालून मॅनेजरकाकांचा आवाज यायला लागला.

"मी जातो," शेपूट म्हणाला आणि बांधलेलं बोट पुढे धरून खाली धावला. खालून त्याचं भोकाड ऐकू आलं. नख तुटल्याची हकीकत त्याने एवढी रंगवली की मॅनेजरकाका औषधाची पेटी शोधायला परत वळले.

सातव्या वेळी यंत्र खाकरलं. खर्र-खुक.

"तोच," कानसेन कुजबुजला. "तोच आहे हा."

पडद्यावर आईच्या फायलींची नावं एकाखाली एक उतरली.

मॅनेजरकाका वर आले तेव्हा फायली फ्लॉपीवरून जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात जात होत्या. मागोमाग इंजिनिअरकाकाही आले. ढिम्मीने त्यांना ओरखडा दाखवला. त्यांनी वाकून त्यावरून नख फिरवलं.

"तिरक्या डोळ्याने वाचून घ्यायचं," ते अखेर म्हणाले, "मग डोळा सरळ करून नव्या फ्लॉप्यांवर लिहायचं. म्हणजे नवा कॉम्प्युटर वाचेल. बरोबर?"

"बरोबर," शेपूट म्हणाला. "तुम्हाला पण येतंय की."

त्यांनी खिशातला सर्वांत बारीक स्क्रूड्रायव्हर काढून ढिम्मीच्या हातात दिला. "ठेव. मी आधी विचारायला हवं होतं." मॅनेजरकाकांनी खोक्यावरचं 'खराब' स्वतः खोडलं आणि सगळ्या छापखान्यासमोर शाबासकी दिली. "दोनशे बारा फ्लॉप्या वाचवल्यात पोरांनी," मावशी म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिने तो आकडा पाचशेवर नेला.

ढिम्मी मान डोलावत होती. आतून अजूनही गप्पगप्पच होतं.

ठिपके उठवणाऱ्या यंत्राने तिसरा भाग छापून दिला. कानसेन तिथेच जमिनीवर बसून वाचू लागला. दोन तास तो हलला नाही. मग शेवटच्या पानावर त्याचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"'त्याने वर पाहिलं. दोरीच्या टोकाला...' पुढचं पान दे."

"एवढीच पानं आहेत."

"दोरीच्या टोकाला काय?"

ढिम्मीने आईचं छापील पुस्तक उघडलं. आत खुणेची चिठ्ठी होती. सहा पानं उरली होती. आई तिथपर्यंतच आली होती.

"एवढा खटाटोप केला आणि शेवटच नाही?" कानसेन भडकला.

"मी वाचून दाखवते."

"नको. दुसऱ्याने वाचलं की त्याच्या वेगाने ऐकावं लागतं. मला माझ्या बोटाने हवाय."

ढिम्मी आईच्या खुर्चीत बसली. सहा कळा, एका अक्षराला लागतील तेवढ्या एकदम दाबायच्या. आईने शिकवलं होतं, पण अर्धवटच. पहिली ओळ करायला तिला पंधरा मिनिटं लागली. तिने ती छापून त्याच्या हातात दिली.

कानसेनने बोट फिरवलं. "एका ओळीत तीन चुका. काकूंच्या अख्ख्या भागात दोन होत्या."

"कुठे आहेत चुका?" ढिम्मीने जरा रागानेच विचारलं.

"ही एक." त्याने तिचं बोट धरून कागदावर टेकवलं.

"थांब," ती म्हणाली. "टोचतंय."

"ठिपके ताजे आहेत, टोचणारच. दुसरी दाखवू?"

"हं," ती म्हणाली. "पण सावकाश." आणि तिने बोट काढलं नाही.