उदाहरणं माझ्या मायची

लातूरच्या बसस्थानकासमोरच्या पुस्तकांच्या दुकानात बुद्धप्रिया लाल पेनाची रिफिल घ्यायला शिरली होती. बाहेर श्रावणाची भुरभुर, रेणापूरची बस सुटायला दहा मिनिटं… आणि काउंटरवर नव्या कोऱ्या पुस्तकांचा गठ्ठा. ‘सुबोध साहित्यसंज्ञा’. लेखक – प्रा. शिवप्रसाद.

तिचे नांदेडचे सर! एम.ए.ला मराठी शिकवलेले. तिनं कौतुकानं पुस्तक उघडलं. उपमा, उत्प्रेक्षा, व्याजस्तुती… आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ‘व्याजस्तुती : वरून स्तुती, आतून निंदा. उदा. – खूप शहाणी गं तू, दुधाच्या राखणीला मांजर बसवलंस.’

हे तर तिच्या आईचं, सरजाबाईचं बोलणं! ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवताना, पोरांना अलंकार कळावेत म्हणून बुद्धप्रियानं सोप्या व्याख्या आणि मायची असली वाक्यं एका वहीत उतरवली होती. ती वही तिनं सरांना तपासायला दिली. सहा महिन्यांनी सर म्हणाले होते, ‘हरवली बघ कुठंतरी.’

‘चोरी हाय ही!’ ती ओरडली. राग आला की तिची कॉलेजातली मराठी पार पळून जायची. ‘अन् वरून माझ्या मायच्या “लई”चं “खूप” करून ठेवलंय!’

‘मॅडम, पान फाटेल…’

मागं भिजलेल्या शर्टातला एक उंच तरुण खांद्यावर दुसरा गठ्ठा घेऊन उभा होता.

‘तुम्ही कोण?’

‘राजशेखर. नांदेडला माझं डीटीपीचं दुकान आहे. हे पुस्तक मीच टाइप केलंय, गठ्ठेही मीच पोचवतोय.’

‘म्हणजे तुम्हीबी सामील!’

त्यानं गठ्ठा खाली ठेवला. ‘ते “खूप” सरांनी केलं. मी एक ओळ तेवढी तशीच राहू दिली, त्यांच्या नजरेतून सुटली. पान बावीस बघा.’

तिनं फणकाऱ्यानं पान काढलं. ‘अतिशयोक्ती. उदा. – ह्या पोरीच्या रागावर सुगीभराच्या भाकरी भाजतील, चूल पेटवायचं काम न्हाई.’

वर पाहिलं, तर तो हसू दाबत होता. ‘ती पोरगी… तुम्हीच का?’

तिनं पुस्तक फाडकन मिटलं.

‘वर्ष झालं, ती कोण असेल म्हणून विचार करून राहिलो मी. सरांना विचारलं, हे अक्षर कुणाचं? म्हणाले, भाचीचं. मी उगाच त्यांच्या भाचीबद्दल चांगलं मत करून बसलो.’ तो जरा थांबला. ‘तुमचा चेहरा लाल झालाय.’

‘ऊन लागलंय.’

‘पावसात? ही तर अपन्हुती झाली. खरं झाकायचं अन् दुसरंच सांगायचं… पान तीस.’

‘मला शिकवू नका! ते मीच लिहिलंय!’

रेणापूरची बस कधीच निघून गेली होती. त्याचं हसू मात्र मावळलं. ‘वही माझ्याकडेच आहे मॅडम,’ तो हळू म्हणाला. ‘सरांनी परत मागितली नाही. मलाही टाकवेना.’

रविवारी दोघं सरांच्या घरी गेले.

‘संज्ञा काय कुणाच्या मालकीच्या असतात?’ सरांनी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. ‘उपमा काय तू शोधून काढलीस?’

‘उपमा नाही सर, उदाहरणं. माझी माय दुसऱ्याच्या रानात खुरपताना बोलली, ती मी लिहून घेतली. वही हरवली म्हणालात तुम्ही मला.’

‘पुढच्या महिन्यात तुमच्याकडं कायम जागेच्या मुलाखती आहेत,’ सर शांतपणे म्हणाले. ‘तज्ज्ञ म्हणून मीच येणार आहे. विचार कर.’

तीन वर्षं ती त्याच जागेची वाट पाहत होती. तेवढ्यात राजशेखरनं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

‘वही यांची, अक्षर यांचं. प्रकाशकाला मी तसं लेखी देणार.’

‘पुढचं काम नको तुला?’

‘नको सर.’

रस्त्यावर येताच ती त्याच्यावरच उखडली. ‘तुम्हाला मध्ये पडायला कुणी सांगितलं होतं? माझं भांडण मला येतं!’

‘माहीत आहे. पण… थोडं माझंही होतं. चोरीचा माल मीच टाइप केला ना.’

त्याचं म्हणणं तिला पटलं. त्याचाही तिला रागच आला.

दोघांच्या सहीचं पत्र गेलं. प्रकाशकानं विक्री थांबवली आणि पुस्तक बुद्धप्रियाच्या नावानं, मायच्या शब्दांत नव्यानं छापायचं कबूल केलं. मुलाखतीत मात्र तिला दोनच प्रश्न विचारून बाहेर पाठवलं. जागा दुसऱ्याला गेली. सरांना कुणी साधा जाब विचारला नाही.

मग प्रूफं सुरू झाली. दर रविवारी ती रेणापूरहून नांदेडला जायची. तो शेजारी खुर्ची पुसून ठेवायचा, तिच्या चहात साखर कमी सांगायचा… आणि दर रविवारी नव्या चुका निघायच्या. दसरा गेला, दिवाळी गेली.

‘मागच्या रविवारी मी “श्लेष” दुरुस्त केला होता,’ एका दुपारी ती लाल पेन आपटून म्हणाली. ‘आज परत “शेष” कसा?’

राजशेखर कीबोर्डकडं बघत राहिला. ‘तो… मीच केला.’

‘काय?’

‘मुद्दाम. पुस्तक दसऱ्यालाच तयार होतं. पण संपलं असतं, तर तुम्ही आला नसता…’

‘चार चार तास बसमधी धक्के खाऊन राहिले मी! मांडीवर पोरांचे पेपर तपासत! अन् तुम्ही चुका पेरून राहिले?’

‘म्हणजे मला… तुम्ही जशा…’

‘उपमा नको! सरळ बोला!’

तो उठून उभा राहिला. ‘तुम्ही आवडता मला. घरी सांगितलंय, उदगीरला. आई “घेऊन ये” म्हणाली. अप्पा जातीवरून दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी परत सांगितलं.’

बुद्धप्रियानं मान खाली घालून ‘शेष’चा ‘श्लेष’ केला.

‘मी आता नांदेडला येणार नाही.’

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

‘पुढच्या रविवारी तुम्ही या. रेणापूरला. मायसमोर बसायचं, अन् हेच, असंच बोलायचं.’

‘पहिली…’ त्याला धड शब्द सापडेना. ‘पहिली बस कितीला असते?’

‘शोधा की! मी चुका शोधत होते ना इतके दिवस!’ ती फणकारली… आणि मग तिचं तिलाच हसू आवरेना.