चारनंतर दोन

हॉलिसला फक्त संगणकाच्या बोर्डावरच्या एका जंपरची जागा विचारायची होती. एवढंसं काम, फोनवरही भागलं असतं. पण मी एकटी राहते, आणि कोणी घरी येतो म्हणालं की मी नको म्हणत नाही. शिवाय येताना डोनट आणतो म्हणाला.

हॉलिस जुनी वर्कस्टेशनं गोळा करतो. इंजिनिअर आणि डॉक्टर मंडळी एकेकाळी वापरायची ते अर्धं टेबल अडवणारे संगणक. ती जिथे बनायची त्या कारखान्यात मी शेवटच्या तपासणीवर होते, मॅसॅच्युसेट्समध्ये, नदीकाठच्या जुन्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर. आता तिथे महागडे फ्लॅट झालेत. तपासणीवरच्या लोकांपैकी जिवंत आणि शुद्धीवर अशी मीच उरले, म्हणून ही हौशी मंडळी माझा पत्ता हुडकत येतात.

गुरुवारी दुपारी तो आला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि अंगणातला बर्फ डोळ्यांवर येत होता. त्याने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर प्रोसेसरचा हिरवा बोर्ड ठेवला आणि वीज जोडली.

"बघा हं, तिबोबाई. सगळं पास होतं, पण एक गोष्ट कळत नाही."

बोर्डाच्या कोपऱ्यात नखाएवढी खिडकी असते. वीज आली की बोर्ड स्वतःच स्वतःला तपासतो. नऊपासून शून्यापर्यंत लाल आकडे येतात, प्रत्येक आकडा म्हणजे एक चाचणी. जिथे दोष सापडेल तिथे आकडा थांबतो. आम्ही दोघं वाकून बघत होतो. नऊ. आठ. सात. सहा. पाच. चार. दोन...

"बघितलंत? तीन येतच नाही," हॉलिस म्हणाला. "जंपर चुकीच्या जागी असावा. पण त्यावरचा लाखेचा ठिपका तसाच आहे. म्हणजे कारखान्यातूनच असा निघालाय."

"बंद कर ते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "कुठे मिळाला हा?"

"एका हॉस्पिटलच्या तळघरात. अकरा वर्षं चालला म्हणे, एकदाही उघडावा लागला नाही. काय माल बनवायचात तुम्ही!"

मी खुर्चीत बसले. त्याला वाटलं, कौतुकाने भरून आलं.

ती गोष्ट मी पस्तीस वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. त्यालाही सांगितली नाही. तुम्हाला सांगते.

आमच्याकडे प्रत्येक तपासनिसाचा स्वतःचा शिक्का असायचा, बोटाच्या पेराएवढा गोल, त्यात नंबर. माझा एकतीस. मला शिकवणाऱ्या आर्मांचा चौदा. दुसऱ्याच्या शिक्क्याला कोणी हात लावत नसे. आर्मां लेवेक तोंडात सतत विंटरग्रीनच्या गोळ्या चघळायचा, गुलाबी, गोड, मलमासारख्या औषधी वासाच्या. तो खोलीत आहे की नाही ते आम्हाला वासावरून कळायचं. "पोरी," तो म्हणायचा, "शिक्का मारला म्हणजे शब्द दिला. उद्या त्या यंत्रापुढे कोण बसणार आहे ते तुला ठाऊक नसतं."

त्या वर्षी नोव्हेंबरात आर्मां गेला. झोपेतच, घरी. आमचा सुपरवायझर जेरी, त्याने रिवाजाप्रमाणे चौदाच्या शिक्क्याचं रबर चाकूने मधोमध कापलं आणि शिक्का आपल्या ड्रॉवरमध्ये कुलपात टाकला.

डिसेंबरच्या अखेरीस चाळीस बोर्डांची ऑर्डर निघायची होती. सगळे हॉस्पिटलांसाठी. कर्करोगाच्या रुग्णाला किती किरण द्यायचे, त्याचा हिशेब करणाऱ्या यंत्रांत ते बसणार होते. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

अडतीस बोर्ड पास झाले. दोन अडले. थंड असताना ठीक, तापले की तीनवर थांबायचे. तीन म्हणजे दशांशांच्या हिशेबाची लांबलचक चाचणी. आणि तिमाही त्या दिवशी संपत होती.

"चाळीस म्हणजे चाळीस, कोलेट," जेरी म्हणाला. "जानेवारीत माणसं कमी करायची यादी माझ्याच हाताने बनणार आहे. बघ बाई, काय करतेस ते."

काय करायचं ते त्याने सांगितलं नाही. हुशार होता. बोर्डावर एक जंपर असतो, प्लॅस्टिकचं तांदळाएवढं टोपण. एक घर सरकवलं की बोर्ड छोटी तपासणी करतो, तीन वगळून. दुरुस्तीच्या टेबलावर वेळ वाचावा म्हणून केलेली सोय. पहिला बोर्ड मी सकाळी सरकवला, लाखेचा ठिपका दिला, एकतीसचा शिक्का मारला. तो दहाच्या ट्रकने गेला.

दुसरा बोर्ड घ्यायला दुपारी गरम खोलीत गेले. तिथे बोर्ड दोन-दोन दिवस तापत ठेवायचो. खिडकी नाही, पंख्यांची घरघर, तापलेल्या वार्निशचा वास, आणि मांडण्यांवर पुढच्या खेपेचे साठ बोर्ड, साठ लाल आकडे, प्रत्येकाचा आपापला. मी जंपर सरकवला. त्याच क्षणी पंखे चालू असूनही खोली शांत वाटली. मी मान वर केली.

साठही बोर्डांच्या खिडक्यांत तीन होतं.

एक श्वास घेईपर्यंत. मग आकडे पुन्हा आपापल्या वाटेने चालू लागले. वार्निशच्या वासात आणखी एक वास मिसळला होता. गोड, औषधी... मी तो ओळखला, आणि ओळखला नाही असं स्वतःला सांगितलं. शिक्का मारला. बोर्ड खोक्यात घालून खाली धाडला.

अर्ध्या तासाने माल चढवणारा मॅनी खोकं घेऊन वर आला. तो दुसऱ्या कंपनीतून आठवड्यापुरता आलेला होता, आमच्यातलं कोणीच त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"परत घ्यायचं होतं तर आधी सांगायचं ना!" तो वैतागून म्हणाला. "तीन मजले खाली, तीन मजले वर. त्या म्हाताऱ्याला पाठवायचं काय कारण?"

"कोण म्हातारा?" जेरी म्हणाला.

"करड्या डगल्यातला. हातातून खोकं काढून घेतलं, चिठ्ठी बांधली, परत दिलं. एक शब्द नाही. गोळी मात्र दिली." त्याने गालातली गोळी जिभेवर घेऊन दाखवली. "ही काय, अजून संपली नाही."

गुलाबी होती.

खोक्याला नापास मालाची लाल चिठ्ठी बांधलेली होती. दोष: तीन वगळली. खाली शिक्का, चौदा. जेरीने ड्रॉवरचं कुलूप उघडलं. शिक्का तिथेच होता. रबर मधोमध कापलेलं, शाई वाळून भुगा झालेली. चिठ्ठीवरचा ठसा मात्र अख्खा होता.

"ही कोणाची मस्करी..." जेरी म्हणाला, पण तेवढंच. मग त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. "आणि हे काय? नग, दोन? खोकं तर एकच आहे."

तो माझ्याकडे बघत होता. मी तेव्हा बोलायला हवं होतं. दहाचा ट्रक अजून वाटेतच होता, पुढच्या गोदामाला एक फोन केला असता तर बोर्ड परत आला असता. पण यादी होती, घरभाडं होतं, आणि मला भीती वाटत होती, भुताची कमी आणि जेरीची जास्त.

"म्हाताऱ्याला मोजता येत नसेल," मी म्हटलं.

आर्मांला. ज्याने मला मोजायला शिकवलं त्याला.

तो दुसरा बोर्ड आम्ही जंपर मूळ जागी आणून पुन्हा तापवला आणि तो तीनवर थांबला. मोडीत काढला. पहिल्याचं नाव मी काढलं नाही. नोकरी टिकली, पाच वर्षांनी कारखानाच बंद पडला. तेव्हापासून दारावर टकटक झाली की वाटायचं, आली दुसरी चिठ्ठी. कधी यायची नाही. हळूहळू मला वाटायला लागलं की ती येणारच नाही.

हॉलिस आला त्या गुरुवारी मी चिमट्याने लाख खरवडली आणि जंपर मूळ जागी आणला. हॉलिसला म्हटलं, न्हाणीघरातून केस वाळवायचं यंत्र आण. त्याने बोर्डावर गरम हवा धरली. नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन.

आम्ही वाट बघितली. तीन.

"अरेरे... म्हणजे हा खराब आहे? अकरा वर्षं तो तिथे काय हिशेब करत होता मग?"

त्याने वीज काढली आणि उलटा करायला बोर्ड उचलला. त्याच्या खालून दोऱ्याला बांधलेली लाल चिठ्ठी लोंबकळली.

"हे कुठून आलं?" तो म्हणाला. "काल मी हा ब्रशने घासून धुतलाय. काही नव्हतं हो याला..."

स्वयंपाकघरात विंटरग्रीनचा वास भरला होता. चौदाचा अख्खा ठसा. दोष: तीन वगळली. त्याखाली दुसरा शिक्का, एकतीस. माझा शिक्का मी कारखाना बंद पडल्यावर स्वतःच्या हाताने शेगडीत जाळला होता. आणि नगाच्या रकान्यात, आर्मांच्या उभट अक्षरात, त्रेसष्ट.

टेबलावर बोर्ड एकच होता. पण अकरा वर्षांत त्या यंत्रापुढे माणसं किती बसली, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"नग त्रेसष्ट?" हॉलिस हसला. "मोजणाऱ्याची चूक झालेली दिसते."

"नाही," मी म्हटलं. "त्याची कधीच होत नसे."

बोर्ड ठेवून जा, असं मी त्याला सांगितलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून तो वाद न घालता गेला, डोनटही विसरला. त्या हॉस्पिटलचा नंबर मी कागदावर लिहून फोनशेजारी ठेवलाय. तुम्ही गेलात की लावणार आहे. काल रात्रीही असंच म्हणत होते.

चिठ्ठी तिथेच आहे, हात लावू नका. बोर्डाला वीज नाही, वायर मी काढून कपाटात टाकली आहे. पण आज सकाळी मी चिठ्ठीवरच्या त्रेसष्टवरून अंगठा फिरवून पाहिला. सहाची शाई वाळली आहे. तीनची अजून ओली आहे, मोजणी चालूच असल्यासारखी.