मागे सरकणारी खूण

तैवानमधल्या तायनान शहराच्या त्या गल्लीत दुपारी एक वाजता पंखा गरगरणारं एकच दुकान होतं, पेइ-शानच्या आत्याचं जुन्या पुस्तकांचं. समोरच्या चष्म्याच्या दुकानातला युन-चे आत शिरला तो पुस्तकासाठी नव्हे, वाऱ्यासाठी. पण नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून त्याने हाताला लागली ती जाडजूड कादंबरी उचलली आणि जिन्याच्या पायरीवर बसला. जेवणाची सुट्टी संपली तेव्हा त्याने पानांत दुधाच्या चहाची पावती खुपसली आणि पुस्तक जागच्या जागी ठेवलं. इथे दुकानात बसून फुकट वाचणाऱ्याला कुणी उठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसणाऱ्या पेइ-शानने सकाळीच केस धुतले.

"खुणेला पावती?" ती म्हणाली. "परवा पावत्यांवरच्या नंबरांची सरकारी सोडत आहे. नंबर बघायला काढाल आणि पान हरवून बसाल."

"बक्षीस लागलं तर पुस्तकच विकत घेईन."

"नका घेऊ..." ती बोलून गेली आणि जीभ चावली.

त्याच संध्याकाळी देवळामागच्या पिंपळाची गळलेली पानं पिशवीत भरून ती घरी आली. सोड्याच्या पाण्यात पानं उकळायची, मऊ पडली की जुन्या टूथब्रशने हलकेच टपटप करत गर काढायचा, की पुस्तकात खुणेला ठेवायला पानाची नाजूक जाळी उरते. शाळेत सगळेच करतात. पण घाईत तिने सोडा दुप्पट ओतला.

"सूप केलंस का गं?" पातेल्यात डोकावून आत्या म्हणाली.

दुसऱ्या पातेल्यातलं एकच पान वाचलं. तिने त्याला लाल दोरा बांधला.

"हे कुठे मिळतं?" दुसऱ्या दिवशी ती जाळी उजेडात धरून युन-चेने विचारलं.

"मिळत नाही."

त्याची नजर तिच्या सोड्याने सोललेल्या बोटांवर गेली. नाकावरचा चष्मा उगाचच सारखा करत तो म्हणाला, "दुखतंय?"

"छे." तिला इतका आनंद झाला होता की खरंच दुखत नव्हतं.

पण खूण दोनशेव्या पानापर्यंत पोहोचली तसा तिने हिशेब मांडला. पुस्तक चारशे पानांचं आणि तो रोज चाळीस वाचणारा. कादंबरी संपली की तो कशाला येणार? त्या संध्याकाळी तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खूण वीस पानं मागे सरकवली.

दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने तिथूनच वाचायला घेतलं. मग तिला चटकच लागली. रोज वीस पानं मागे... तरी खूण हळूहळू पुढेच जायला हवी होती. पण आठवडाभरात खूण दीडशेवर आली, मग साठावर, आणि शनिवारी तो गेल्यावर पाहते तर पहिल्याच पानावर.

"आत्या, तू हात लावलास या पुस्तकाला?"

"मला चष्म्याशिवाय आकडे तरी दिसतात का?"

सोमवारी एक वाजायच्या आधीच पेइ-शान पायरीपाशी उभी होती. पकडली गेले तर गेले, पण आज विचारायचंच.

"ही खूण—"

"वीस पानं तुम्ही," युन-चे म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "बाकीची मी."

"पण का?"

"पुस्तक संपलं असतं ना." तो खाली पायरीकडे बघत राहिला. "खरं म्हणजे मी हे कॉलेजात वाचलंय. शेवटी तो तिला मनातलं विचारतच नाही. मला मुळीच आवडला नव्हता तो शेवट."

"मग तुम्ही विचारा," पेइ-शान म्हणाली. आपल्यात एवढं धाडस कुठून आलं, तिचं तिलाच कळेना.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला आवडतेस तू. संध्याकाळी पिंपळाखाली येशील? मलाही खूण करायला शिकव... तुझ्यासाठी."

"येईन," ती म्हणाली. "फक्त सोडा मी घालणार नाही."

आत्याने आतून खोकून दाखवलं. लाल दोऱ्याचं पान युन-चेने खिशात टाकलं आणि कादंबरी कपाटात गेली. आता तिच्यात खुणेची गरज कुणालाच नव्हती.