पडद्यावरच्या बाईचं नाव

लुकायाच्या बाजारात एखादा सिनेमा कसा आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर तो पाहून आलेल्याला विचारण्यात अर्थ नव्हता. नाबुकीरा शिंपिणीला विचारावं लागे. ती आठवड्यातून एकदाच, गुरुवारी दुपारी, सिनेमाला जायची आणि तिथेही मांडीवर काजं-बटणांचं काम घेऊन बसायची. पण मत असं ठणकावून द्यायची की सहा दिवस सिनेमे पाहणारी माणसं तिच्यासमोर मान खाली घालत. सगळा गाव तिला आत्या म्हणे. तिला ते आवडायचं.

सिनेमातल्या, यानात बसून चांदण्यांपलीकडे जाणाऱ्या लोकांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. "चार महिने उडतायत आणि एकानेही कांदा चिरला नाही," ती म्हणायची. "चूल कुठे मांडली ते दाखवा, मग मी विश्वास ठेवते." आग ओकणाऱ्या उडत्या अजगरांबद्दल तिचं म्हणणं होतं की राजा लढाईत हरत नाही, अजगराला रोज सहा गाई पुरवताना हरतो. आणि भुतं? भुतांच्या सिनेमाला ती खास वेळ काढून जायची, कारण सगळे डोळ्यांवर हात घेत तेव्हा ती सुईत दोरा ओवायची.

"त्यांच्या भुतांना आठ-आठ खोल्या लागतात," ती सांगायची. "आमच्याकडे एका खोलीत नऊ माणसं झोपतात. भूत आलंच तर त्याला म्हणावं लागेल, बाबा, जरा सरकून घे."

लोक पोट धरून हसत, आणि आत्या मान ताठ करून दोरा दाताने तोडे.

व्हिडिओ हॉल लुबवामाचा होता. पत्र्याची लांबट शेड, बारा बाकं, एक मोठा टीव्ही आणि त्याच्या शेजारी माईक घेऊन बसलेला लुबवामा. सिनेमा कुठल्याही मुलखाचा असो, पडद्यावरच्या प्रत्येक तोंडातून लुगांडा, म्हणजे गावची भाषा, काढायचं काम त्याचं. लोक अशा माणसाला व्हीजे म्हणतात, आणि चांगला व्हीजे असेल तर लोक नटाचं तोंडही बघत नाहीत. रीत अशी की व्हीजेने प्रत्येक पात्राला गावातलं नाव द्यायचं. नायकाला खाटकाचं, खलनायकाला एखाद्या सावकाराचं. नाव नसलेल्या माणसासाठी रडणार कोण?

"लुबवामा बरा आहे," आत्या म्हणायची, "पण मी त्याच्याहून बरं सांगेन." असं ती सहा वर्षं म्हणत होती. बोलायला काय जातं?

त्या गुरुवारी ती निघाली ती पडदा पोहोचवायला. हॉलच्या दारासाठी लुबवामाने जाड काळा पडदा शिवायला टाकला होता. नोव्हेंबरची भरदुपार, टोळांचा हंगाम. रस्त्याच्या कडेला कढयांतून कांदा घालून टोळ तळत होते आणि सगळ्या लुकायाला तो खमंग वास सुटला होता. आत्याने नाक दुसरीकडे फिरवलं. ती टोळाच्या कुळातली, आणि आपल्या कुळाचं दैवत कुणी तळून खात नाही.

तिचं मन त्या दिवशी फुगलेलं होतं, कारण येत्या रविवारी तिच्या भावाच्या चार महिन्यांच्या मुलीचं नाव ठेवायचं होतं. नाव कुळातल्या म्हाताऱ्याने द्यायचं, पण सुचवायचं आत्याने. नाबुकीराने आधीच ठरवलं होतं: नाकायेंगा. तिची स्वतःची आत्या. आई गेल्यावर जिने तिला पाठीला बांधून वाढवलं, शिवण शिकवलं, आणि जी वारली तेव्हा नाबुकीराने आठ दिवस मशीनला हात लावला नव्हता. त्यांच्यात नाव नुसतं हाकेपुरतं नसतं. मेलेल्याचं नाव पोराला दिलं की तो मेलेला पोराच्या पाठीशी उभा राहतो. म्हणून एक नाव एकाच वेळी दोघांना देत नाहीत, आणि चारचौघांत मोठ्याने दिलं की ते दिलंच. त्यावर भांडण झालं तर एकच कसोटी असते: बाप सांग, आजा सांग, पणजा सांग. ज्याला आपले बाप सांगता येतात तो घरचा. त्याला दारातून परत पाठवता येत नाही.

हॉलमध्ये शिरली तर माणसं खच्चून भरलेली आणि लुबवामा गळ्याला फडकं गुंडाळून बसलेला. त्याच्या तोंडातून नुसती हवा येत होती.

"आवाज गेला, आत्या," तो कुजबुजला. "सकाळपासून. लोक उठले तर समोरच्या हॉलमध्ये जातील, आणि एकदा गेले की..."

"मग आता?"

त्याने माईक तिच्यापुढे धरला. "सहा वर्षं ऐकतोय मी तुमचं."

आता मागे हटणं म्हणजे सहा वर्षांचं बोलणं गिळणं. आत्याने काळा पडदा दाराला टांगला, आतला उजेड विझला, आणि ती माईक घेऊन टीव्हीशेजारी बसली. पहिल्या बाकावर वालाकिरा म्हातारे काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांना दिसायचं कमी, ऐकू मात्र सुई पडली तरी यायचं. रविवारी नाव तेच देणार होते. सगळे त्यांना जज्जा, म्हणजे आजोबाच, म्हणत.

"कोण बोलणार आज?" त्यांनी विचारलं.

"तुमची पुतणी, जज्जा."

"मग झोप लागणार नाही," म्हातारे म्हणाले, आणि हॉल हसला.

सिनेमा कुठल्या देशातला ते कुणालाच कळलं नाही. समुद्राकाठचं मिठागर, क्षितिजापर्यंत पांढरं, आणि मधोमध एकटं घर. एक नवराबायको तिथे राहायला येतात. आत्याने नवऱ्याला बाजारातल्या आळशी न्हाव्याचं नाव दिलं आणि बायकोला चपात्या लाटणाऱ्या नान्तुमेचं. दोन मिनिटांत हॉल तिच्या मुठीत आला. "बघा, घर केवढं," ती नान्तुमेच्या आवाजात म्हणाली, "झाडायला किती जणी ठेवल्यात?" आणि न्हाव्याच्या आवाजात, "एकच, तिच्याशी मी लग्न केलंय." बाया बाकांवर थापा मारायला लागल्या. लुबवामा कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. आत्याच्या छातीत असं काही भरून आलं की आपण आजवर फुकट काजं करत बसलो असं तिला वाटलं.

मग मिठागराच्या टोकाला एक बाई दिसली. पाठमोरी. अंगावर फिकट वस्त्र, केस ओले, हात दोन्ही बाजूंना सरळ. ती काही करत नव्हती. दुसऱ्या दिवशी तीच, तशीच पाठमोरी, पण घराच्या थोडी जवळ. तिसऱ्या दिवशी आणखी जवळ. पाठमोरी असूनही ती पुढे कशी येते हे कुणी दाखवत नव्हतं.

हॉलमधलं हसणं विरलं. पत्रा उन्हाने तडतडत होता. घामाचा, धुळीचा आणि बाहेरच्या तळणाचा वास दाटला होता. त्यात आता मिठाचाही वास येतोय असं आत्याला वाटलं, पण लुकायापासून समुद्र शेकडो मैलांवर.

"तिचं नाव काय, आत्या?" मागून कुणीतरी विचारलं.

"हो, नाव द्या तिला."

नाव देणं भाग होतं. आत्याने गावातली नावं मनातल्या मनात चाळली. हिला न्हाव्याची सासू म्हणावं तर हसू येईल आणि भीती जाईल. आणि तिला तर भीती हवी होती, तिच्या हातात आलेली पहिलीच भीती. तो दृश्याचा डौल, ती सरळ पाठ... तिच्या ओळखीत इतकी सरळ पाठ एकाच बाईची होती. जिभेला हाड नसतं.

"ही," आत्या माईकमध्ये हळू म्हणाली, "ही नाकायेंगा."

पडद्यावरची बाई थांबली.

थांबली म्हणजे ती आधीही उभीच होती. पण आता तिने, मागून कुणी हाक मारल्यावर करतात तशी, मान जराशी कलती केली. आणि मग वळली. चेहरा नीट दिसत नव्हता, केस चिकटले होते. पण ती त्या नवराबायकोच्या घराकडे बघत नव्हती. समोर बघत होती, टीव्हीच्या जरा डाव्या बाजूला, जिथे आत्या बसली होती.

आत्याच्या हातातला माईक ओला झाला. आपण काय केलं ते तिला कळून चुकलं होतं. दीडशे माणसांत, मोठ्याने, माईकवर. रविवारचं नाव तिने एका परक्या, ओल्या केसांच्या बाईला देऊन टाकलं होतं. आता भावाच्या पोरीला तेच नाव दिलं तर तिच्या पाठीशी कोण उभं राहील? तिची आत्या... की ही?

"पुढे सांगा ना..." कुणीतरी कुजबुजलं.

माईक टाकून उठावं असं तिला वाटलं. पण ती उठली नाही. भीतीपेक्षा तिला राग जास्त आला. माझ्या आत्याचं नाव, आणि ही? नाबुकीरा ताठ बसली.

"ए बाई," ती पडद्याला म्हणाली, आणि आवाज पत्र्यावर आदळून परत आला. "मी चुकले. पण नाव असं कुणालाही मिळत नाही. नाकायेंगा म्हणवतेस, तर आमच्यातली रीत ठाऊक असेल. तुझा बाप कोण? आजा कोण? कुळ कोणतं? सांग चारचौघांत. नाहीतर हो पाठमोरी आणि चालू लाग."

हॉलमधून कौतुकाचा हुंकार उठला. जज्जांनी काठी जमिनीवर आपटली. असा व्हीजे लुकायाने पाहिला नव्हता.

बाईचे ओठ हलायला लागले.

आत्याला एका क्षणात सगळं उमगलं. पडद्यावरच्या तोंडाला आवाज नसतो. आवाज व्हीजेचा. आपण बोललो नाही तर ही मुकी. तिने दात दातांवर घट्ट दाबले, ओठ मिटले, माईक मांडीवर उलटा धरला. बाईचे ओठ हलत राहिले... सावकाश, एकेक शब्द तोलून. आत्याच्या कानात फक्त पत्रा तडतडत होता आणि तिचं स्वतःचं काळीज. जबडा दुखायला लागला. जिभेवर रक्ताची चव आली. तिने तोंड उघडलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग ओठ थांबले. बाईने मान खाली घातली, वळली, आणि मिठावरून चालत लांब, लांब गेली. नवराबायको सामान बांधून निघाले. सिनेमा संपला.

लुबवामाने नवा पडदा बाजूला सारला तसा चारचा उजेड आत घुसला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. नान्तुमे स्वतः येऊन तिच्या गळ्यात पडली. "आत्या, अंगावर काटा आला. लुबवामाने आता गळा बरा करूच नये." आत्या हसली. मान ताठच होती. आपण बोललो तसं केलं, आणि एका भुताला कसोटीत नापास करून परत पाठवलं. हे सुईत दोरा ओवण्याइतकं सोपं नव्हतं. तिला स्वतःचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

हॉल रिकामा झाला. जज्जा मात्र बाकावरून उठले नव्हते. त्यांच्या सुरकुतल्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"ऊर भरून आला, पोरी," ते म्हणाले. "पण रविवारी बाळाला नाकायेंगा नाव देता येणार नाही. दुसरं शोध."

"का, जज्जा? तिला कुठे जमलं? गप्प गेली ती."

"गप्प?" म्हाताऱ्यांनी चेहरा तिच्या दिशेने वळवला. "अगं, डोळे गेलेत माझे, कान नाहीत. तूच तर बोललीस तिच्यासाठी. कुळ, दैवत, बाप, आजा... एकामागून एक. शेवटपर्यंत एक चूक नाही."

आत्याने लुबवामाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. "मला वाटलं, तुम्ही पाठ करून आलात," तो घोगऱ्या आवाजात कुजबुजला. "इतकी नावं..."

"मी तोंड उघडलं नाही, लुबवामा."

लुबवामाने जज्जांकडे पाहिलं.

"आठ पिढ्या," जज्जा म्हणाले. "मला सातच ठाऊक होत्या. आठवा माझ्या बापाला माहीत होता, पण मला सांगायच्या आधीच तो गेला. साठ वर्षं मी विचारत फिरलो. मसाकाला गेलो, सरोवरातल्या बेटांवर गेलो. कुणाला सांगता आला नाही. आज मिळाला. आता हिला घरची नाही म्हणायचं, तर कुठल्या तोंडाने?"

"कोण..." आत्याने विचारलं. "कोण आठवा?"

"मुटेब्बी," जज्जा अदबीने म्हणाले. "आमचा आठवा बाप मुटेब्बी."

"नकालुबोचा मुलगा," नाबुकीरा म्हणाली.

शब्द सहज आले, आणि हे नववं नाव तिने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. सासरी गेलेली मुलगी माहेरचं नाव सांगते तशा ठसक्यात.

जज्जांची काठी हातातून सुटून बाकाखाली गेली. नाबुकीराने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं. तळव्यांखाली ओठ हलतच होते.