बारावा दगड

आमच्या विदीमूर गावाची हद्द बारा दगडांनी आखलेली आहे. दर वर्षी मे महिन्यात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, सगळं गाव पाद्रींच्या मागून हद्दीवरून चालतं आणि हद्द लक्षात राहावी म्हणून प्रत्येक दगडावर विलो झाडाच्या छड्या मारतं. गावाचा इतिहास मी लिहिते आहे, म्हणून नकाशा माझ्या हाती असतो. जन्म शाळेत शिकवण्यात गेला. खुळचट समजुतींचा मला भारी तिटकारा.

१९५१ला पाऊस फार झाला. बारावा दगड दलदलीत, माझ्या जुळ्या बहिणीच्या, हेस्टरच्या घरापलीकडे. पाणी कमरेएवढं. "दगड काही पळून जात नाही," असं म्हणून मी सगळ्यांना अकराव्यावरूनच वळवलं.

"मग हेस्टर बाहेर राहिली की, बाई," म्हातारे अ‍ॅम्ब्रोज म्हणाले.

"काका, बियर आज सकाळीच सुरू केलीत वाटतं?"

सगळे हसले. हेस्टरही हसली. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात पोस्टमनने तिची पत्रं माझ्याकडे आणून टाकली. घर सापडलं नाही म्हणाला. चौदा वर्षं तो त्या घरी जात होता. मग दूधवाला जायचा थांबला. रविवारी चर्चमध्ये एक बाई हेस्टरच्या जागेवर बसायला गेल्या, हेस्टर तिथे बसलेली असताना.

जूनमध्ये हेस्टर माझ्याकडे आली ती चिखलाने माखून. आमच्या घरांत अंतर अर्ध्या मैलाचं.

"एडिथ, सकाळी सहाला निघाले गं," ती म्हणाली. घड्याळात अकरा वाजले होते.

"इथेच राहा आता."

"आणि बकऱ्या कोण बघेल? एकटी नाहीये मी. शेजार आलाय, एकोणीस घरं. भली माणसं आहेत, बोलणं तेवढं फार जुन्या वळणाचं. सारखं विचारतात, पाणी ओसरलं का, गाव कधी येणार."

१६९८च्या दप्तरात दलदलीकाठी एकोणीस घरांची वाडी आहे. पुढच्या वर्षीच्या दप्तरात नाही. साथीत गेली असावी, असं लिहून मी मोकळी झाले होते.

तिचा हात धरून मी तशीच चर्चमध्ये गेले. पाद्री टिली टेबलाशी लिहीत होते.

"आत्ताच्या आत्ता गाव गोळा करा. बारावा दगड राहिलाय."

"बारावा?" ते हसले. "अकराच तर आहेत."

"निदान हेस्टरसाठी तरी चला हो!"

"कोण हेस्टर?"

मला रडू फुटलं. त्यांनी समजूत काढत बाप्तिस्म्याची वही पुढे केली. लेखी पुरावा म्हटलं की मला राहवत नाही. वही घ्यायला मी हेस्टरचा हात सोडला. चिखलाच्या बुटांनी ती दारातच थांबली.

१८९६. माझं नाव होतं. त्याखालची ओळ कोरी. खाडाखोड नाही, कागद स्वच्छ.

"सापडलं का गं नाव?" दारातून हेस्टरने विचारलं.

"वारा येतोय," पाद्री म्हणाले आणि त्यांनी दार लावलं.

मी धावत जाऊन ते उघडलं.

चर्चचं फाटक दारापासून वीस पावलांवर आहे. हेस्टर फाटकाला धरून उभी होती. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी दिसत होती.