चौकातला लाल चौकोन

"पळ रे सुता! सभा सुरू झाली असेल!" सेकारनं सायकलवर टांग मारली. तिचा धाकटा भाऊ सुता कसाबसा मागे चढला.

आज बालीतल्या त्यांच्या वाडीच्या सभेत सारीमावशीची खाऊची टपरी चौकातून हलवायचं ठरणार होतं. वाडीचे प्रमुख सुदर्साकाका रोज सकाळी गाडीवरून न उतरताच चौकाचा फोटो काढायचे. मोबाइलमधलं नवं ॲप टपरीसमोर लाल चौकोन आखायचं आणि वर लिहायचं, 'कचरा'! तो टपरीचाच, असं काकांनी धरूनच चाललं होतं. टपरी गेली तर मावशी खाणार काय? काल रात्रीपासून सेकारचा जीव थाऱ्यावर नव्हता.

कचरा टाकणाऱ्याला पकडायला दोघं पहाटेपासून दबा धरून बसली होती. पण आल्या त्या गल्लीतल्या बायका! देवासाठी फुलं-तांदूळ घातलेल्या पानांच्या परड्या, म्हणजे चनांग, चौकात ठेवून, उदबत्ती लावून त्या निघून गेल्या. सुतानं आईच्या मोबाइलमधल्या त्याच ॲपनं फोटो काढला मात्र, दोघांचे डोळेच विस्फारले. लाल चौकोन त्या ताज्या परड्यांभोवतीच होते!

सभेत सुदर्साकाका कडाडत होते, "अख्ख्या बालीत इतका घाणेरडा चौक नसेल!"

"काका, ॲप चुकतंय!" सेकार ओरडली.

"मोठ्यांच्या मध्ये लुडबुड नको! मशीन कधी खोटं बोलतं का?"

"मग तुमच्या गाडीलाही विचारू या!" तिनं दाराशी उभ्या गाडीच्या हँडलवरच्या चनांगचा फोटो काढून मोबाइल उंच धरला. लाल चौकोन! 'कचरा'!

सभेत हशा पिकला.

"अगं, ही आत्ताच माझ्या बायकोनं ठेवलीय!" काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

ॲप बनवणारा त्यांचा पुतण्या बागुस खाली मान घालून म्हणाला, "मी ॲपला कचरा ओळखायला शिकवताना सफाईवाल्यांनी संध्याकाळी काढलेले फोटो दाखवले होते. तेव्हा सुकलेल्या परड्या कचऱ्यातच असतात ना..."

"आणि सकाळची चनांग बिचाऱ्याला कुणी दाखवलीच नाही!" सुता म्हणाला.

"शाब्बास!" काकांनी दोघांच्या पाठीवर थाप मारली. "आता सकाळचे फोटो तुम्हीच काढायचे. सारी, चुकलो मी. जा, चूल पेटव."

मावशीनं पोरांना पोटाशी धरलं आणि भर सभेत हुंदका दिला.

"अगं मावशी, टपरी वाचली की! आता रडतेस काय?" सेकारनं विचारलं.

"काय सांगू बाळांनो," ती डोळे पुसत म्हणाली, "इतके दिवस मला वाटायचं, माझंच झाडणं कमी पडतंय!"