लेम्पीचं कडं

कोल्टन, खोपटाचं दार घट्ट ओढून घे. वारा आत आला की हा हीटर विझतो, आणि मग तळ्याच्या मधोमध आपण तिघं गोठलेले सापडू. डॅनिका, तळ्याच्या बर्फाला पाडलेल्या भोकावर पुन्हा पापुद्रा धरतोय बघ, झाऱ्याने मोडत राहा. मासा लागेल तेव्हा लागेल.

तुम्ही दोघं रात्रपाळीला वर स्कॅन वाचायच्या रिपोर्टिंग रूममध्ये एकटं जायला काचकूच करता, असं मला कळलं. हसू नका. मी चौतीस वर्षं तुमच्याच हॉस्पिटलात सीटीचं मशीन चालवलं. त्या खोलीत काय झालं ते मला गार्नेटने स्वतः सांगितलंय. थोडं मी पाहिलंय.

डॉक्टर गार्नेट प्रुडोम. तुमच्या वेळेला तो नव्हता. त्या रात्री तो एक जुना रिपोर्ट शोधायला आला होता. एवढंच काम. २०१९ सालचा जानेवारी, सतरा तारीख, गुरुवार. रात्रीचे अकरा चाळीस. त्याची ड्युटी नव्हती. मी खाली मशीनपाशी होतो. बुटांचं बर्फ झटकत आला आणि म्हणाला, "ऑर्विल, तासभर वर बसतो. कुणी विचारलं तर मी आलो नव्हतो."

मी म्हटलं, "बायकोने हाकललं की काय?"

"उद्या पाटी लावतायत ना," तो म्हणाला. "त्याआधी मला एक गोष्ट हवी आहे."

पाटी होती लेम्पी हापालाच्या नावाची. रिपोर्टिंग रूमला तिचं नाव देणार होते. सात महिन्यांपूर्वी ती गेली होती.

लेम्पी आणि गार्नेट एकाच वर्षी आमच्याकडे लागले. दोघंही छातीचे स्कॅन वाचायचे. एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून, बावीस वर्षं. गार्नेट हुशार होता, कदाचित तिच्याहून हुशार. पण माणसांना लेम्पी आवडायची. ती नर्सबाईला नावाने हाक मारायची, घरून वेलदोड्याचा पाव करून आणायची, आणि चूक झाली तर "माझं चुकलं" असं सगळ्यांसमोर म्हणायची. गार्नेटच्या तोंडून ते शब्द मी तरी कधी ऐकले नव्हते.

आता तिचं ते कडं. तुम्हाला शिकवलंय, तरी सांगतो. साधा स्कॅन, औषध न टोचता काढलेला. मशीन प्रत्येक गोष्टीच्या घनतेला आकडा देतं. पाणी शून्य. चांगलं रक्त पंचेचाळिसाच्या आसपास, हृदयाची भिंतही जवळपास तेवढीच. म्हणून दोन्ही सारखीच राखाडी दिसतात, वेगळी ओळखूच येत नाहीत. पण अंगात रक्त कमी असलं की ते पातळ होतं, आकडा तिशीत उतरतो, रक्त काळपट दिसतं आणि भोवतीची भिंत उजळ. महाधमनीचं कडं चांदीच्या बांगडीसारखं उठून दिसतं. न्यूमोनियासाठी स्कॅन काढलेल्या म्हातारीचं कडं बघून लेम्पी लिहायची, 'हिमोग्लोबिन तपासावं.' तपासलं की सात निघायचं. पोटात कुठेतरी झिरपत असायचं. अशी किती माणसं तिने वेळेवर पकडली! २०१३ मध्ये टोरांटोला तिने त्यावर भाषण दिलं. परत आली तेव्हापासून सगळे म्हणायला लागले, लेम्पीचं कडं.

गार्नेटच्या तिथूनच पोटात दुखायला लागलं.

मासे धरायला आम्ही इथेच बसायचो, याच तळ्यावर. तो पुन्हापुन्हा एकच सांगायचा. "तिच्या आधी मी पाहिलं होतं ते, ऑर्विल. २००९ साली. कॉफी पिताना मीच तिला बोललो."

"मग लिहून का नाही ठेवलंस?"

"ठेवलंय. एका रिपोर्टात. कोणाच्या ते आठवत नाही."

शिकाऊ डॉक्टर त्याला चिडवायचे, "काय डॉक्टर, आज कडं दिसलं का?" पोरांना थट्टा वाटायची. त्याने मग एकच केलं, कड्याची ओळ आपल्या रिपोर्टात लिहायचीच बंद केली. दिसलं तरी लिहायचं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मी फुप्फुसं वाचतो. रक्त वाचायला लेम्पी आहे."

२०१८ च्या फेब्रुवारीत लेम्पी घराच्या पायरीवर बर्फावरून घसरली. बरगड्या दुखत होत्या. तिचा स्कॅन मीच काढला. टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली, "ऑर्विल, हल्ली जिना चढला तरी धाप लागते रे. म्हातारी झाले." मी म्हटलं, "आपण दोघंही." मला काय कळणार.

तो स्कॅन गार्नेटकडे गेला. आपला स्कॅन आपण वाचायचा नाही, असा तिचा नियम. संध्याकाळी ती खोलीत आली, आपल्या खुर्चीत बसली आणि पाठमोरीच बोलली.

"गार्नेट, तू बघितलंस ना?"

"बघितलं. बरगड्या शाबूत आहेत."

"बास," ती हसून म्हणाली. "तू बघितलंस म्हणजे झालं. मी नाही बघत."

जूनमध्ये ती स्वयंपाकघरात कोसळली. आतड्यात गाठ होती, कधीपासून थेंब थेंब रक्त जात होतं. तीन आठवड्यांत गेली. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेऊन उभे होते आणि जो तो तिच्या कड्याबद्दल बोलत होता. तिचा नवरा राइनो गार्नेटचा हात धरून म्हणाला, "तुझ्याबद्दल ती नेहमी चांगलंच बोलायची." गार्नेट मला बाहेर पार्किंगमध्ये म्हणाला, "मेल्यावरसुद्धा तीच."

मला तेव्हा त्याचा राग आला होता. पुढचं मला माहीत नव्हतं.

तर ती रात्र. गार्नेट खोलीत बसला. दिवे बंद, दोन पडद्यांचा उजेड. बाहेर उणे एकतीस. २००९ चे स्कॅन एकेक उघडत गेला. त्याला तो रिपोर्ट पाटी लावण्याआधी वरिष्ठांच्या टेबलावर ठेवायचा होता. बाई मेली होती, तरी तिच्याकडून ते कडं काढून घ्यायचं होतं.

दोनला दहा मिनिटं होती तेव्हा सापडला. १९ नोव्हेंबर २००९. एक लाकूडतोड्या, वय बासष्ट. खाली गार्नेटचीच ओळ : 'महाधमनीची भिंत रक्तापेक्षा उजळ दिसते. रक्त कमी असण्याची शक्यता.' खाली सही, जी. प्रुडोम. लेम्पीच्या चार वर्षं आधी.

तो मला म्हणाला, "ऑर्विल, मी त्या खोलीत एकटा मोठ्याने हसलो."

प्रिंट काढायला उठला... आणि थबकला.

कारण हा कागद दाखवला की पहिला प्रश्न काय येणार? हे तू लेम्पीच्या आधी ओळखत होतास, मग लेम्पीच्या स्कॅनमध्ये कसं दिसलं नाही?

पोरांनो, त्याला दिसलं होतं. फेब्रुवारीत त्या स्कॅनवर कडं लख्ख होतं. त्याने आकडासुद्धा मोजला होता. एकोणतीस. आणि लिहिलं होतं, 'बरगड्या शाबूत. इतर काही विशेष नाही.' तिच्याच अंगावर तिचंच कडं आपल्या हाताने लिहायचं, हे त्याला सोसलं नव्हतं. ती बघेलच की, असं मनाशी म्हणाला होता. मग ती म्हणाली, मी नाही बघत. तरीही तो गप्प बसला.

तो पुन्हा खुर्चीत बसला. पडद्यावरच्या यादीत सगळ्यात वर एक नवीन स्कॅन आला होता. नावाची जागा कोरी.

खाली माझा फोन वाजला. दोन वाजून सहा मिनिटं.

"ऑर्विल, टेबलावर कोण आहे?"

"कोणी नाही."

"स्कॅन येतोय मला."

"मशीन बंद आहे, गार्नेट. बारापासून एकही पेशंट नाही."

मी काचेतून पाहिलं. टेबल बाहेर. रिकामं. मशीन फिरत नव्हतं. त्याला तसं सांगितलं. त्याने फोन ठेवला नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

वर त्याच्या पडद्यावर चित्रं येत होती. एकेक काप. मानेखालून सुरुवात. खांदे. बाईची छाती. मग महाधमनी.

कडं.

त्याचा हात आपोआप माउसवर गेला. रक्तावर गोल काढला. एकोणतीस.

पुढचा काप. चोवीस.

पुढचा. सतरा.

"नऊ," फोनमधून तो पुटपुटला. मला वाटलं माझ्याशीच बोलतोय. "अरे, असं होत नाही... चार..."

मग शून्य. पाणी. हृदय तसंच, भिंत तशीच, आणि आत नुसतं पाणी.

मी हाका मारल्या. "गार्नेट. गार्नेट!"



मग मला फोनमधून खुर्ची करकरलेली ऐकू आली. त्याला वाटलं आपलीच. पण तो हललाच नव्हता. करकर त्याच्या पाठीमागून आली. तिच्या खुर्चीकडून. कोणीतरी बसताना होते तशी. सावकाश.

त्याने मागे पाहिलं नाही. पडद्याच्या काचेत दिसेल म्हणून डोळेही मिटले.

वेलदोड्याचा वास...

पाठीला पाठ. बावीस वर्षं बसायचे तसं.

आणि आवाज. मी ऐकलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मला फोनवर नुसती शांतता ऐकू आली. त्याला ऐकू आलं. रागाचा नाही. दमलेला. जिना चढून आल्यासारखा.

"गार्नेट... तू बघितलंस ना?"

आता बघा. त्या क्षणी त्याने काय म्हणायला हवं होतं? 'बघितलं होतं. माझं चुकलं.' एवढंच. तोंडाशी आलं होतं, असं तो म्हणतो. पण त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी माझ्या कानांनी फोनवर ऐकलं. ओरडला तो.

"हो, बघितलं! तुझ्या आधी बघितलं! तुझ्या आधी!"

...





मी जिन्याने धावत वर गेलो. वय झालेलं, दोनदा थांबलो. दार ढकललं. दोन्ही पडदे काळे. गार्नेट खुर्चीत ताठ बसलेला. मी दिवा लावला आणि मागे सरलो. तुम्ही पाळीत किती मेलेली माणसं पाहिलीत मला माहीत नाही. तो जिवंत होता, पण रंग तसा होता. ओठ कागदासारखे.

"मी काय बोललो ते ऐकलंस?" त्याने विचारलं.

"ऐकलं."

"तिने माझं ऐकलं असेल का?"



मी वाकून पडदे पुन्हा चालू केले. तो बिननावाचा स्कॅन यादीत नव्हता. मग त्याने माझ्यासमोर लेम्पीचा फेब्रुवारीचा रिपोर्ट उघडला आणि खाली पुरवणी लिहिली. प्रत्येक शब्द दोनदा टाइप करावा लागला. 'महाधमनीचं कडं दिसतं. रक्ताची घनता २९. हे मी त्या दिवशी पाहिलं होतं आणि मुद्दाम लिहिलं नाही.' खाली वेळ नोंदली गेली, तीन वाजून बारा मिनिटं. लाकूडतोड्याचा रिपोर्ट त्याने कोणालाच दाखवला नाही.

सकाळी पाटी लागली. तो दुपारी राइनोकडे गेला. मी गाडीत बसून होतो. दारात उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. राइनोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग इतकंच विचारलं, "बरगडीचं सांगितलंस तेव्हा ती हसली होती का रे?" गार्नेट म्हणाला, हसली होती. राइनोने हळूच दार लावून घेतलं. पुढे चौकशी झाली, गार्नेटचा परवाना गेला. त्याने वकीलही लावला नाही.

पण त्याच्या आधी, त्याच पहाटे, त्याला इमर्जन्सीत नेऊन मी रक्त काढायला लावलं होतं. आदल्याच शनिवारी त्याने शिबिरात रक्तदान केलं होतं. तिथे बोट टोचून बघतात. हिमोग्लोबिन पंधरा होतं. त्या पहाटे निघालं सहा पूर्णांक आठ. तपासणाऱ्या मुलीने नळी बदलली असेल म्हणून पुन्हा काढलं. सहा पूर्णांक आठ.

डॅनिका, भोकाकडे लक्ष ठेव... असू दे. राहू दे आता.

सगळं शोधलं. घशातून नळी घातली, खालून घातली. कॅमेऱ्याची गोळी गिळायला लावली. कमरेच्या हाडातून मज्जा काढून मोठ्या शहरात, थंडर बेला, पाठवली. मज्जा ठणठणीत. रक्त तयार होतंय, नीट होतंय. गाठ नाही, व्रण नाही, बाहेर एक थेंब नाही. तरी दर तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन उतरतं आणि त्याला रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागतात. इतकी वर्षं झाली. गाडी मीच चालवतो. मागच्या मंगळवारी नेलं होतं.

डॉक्टर म्हणतात, रक्त अंगातून जायचं तर त्याला वाट असावी लागते. ती वाट त्यांना अजून सापडलेली नाही.